अर्धा ग्रॅम शिसं

सकाळच्या सहा फेऱ्यांपैकी चार उरकल्या होत्या आणि भाची सातव्या नंबरावर घसरली होती. आत्या मात्र भाचीकडे बघत नव्हती. तिने दुर्बिणीला डोळा लावला होता तो सत्तर मीटरवरच्या निशाणावर, आणि जे दिसत होतं ते ती पुन्हा पुन्हा तपासत होती.

मैदानावर त्या दिवशी निवड चाचणी होती. संघात जागा चार, रेषेवर मुली एकोणीस. प्रत्येकीने दिवसभरात बहात्तर बाण मारायचे, निम्मे सकाळी, निम्मे दुपारी. बेरीज करायची, वरच्या चौघी घ्यायच्या, बाकीच्यांनी पिशव्या उचलायच्या. ह्यात वशिला चालत नाही आणि रडूनही काही उपयोग नसतो. भाची गेल्या वर्षी पाचवी आली होती. त्या वेळी तिच्या सरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, आपल्या वहीत तिच्या नावापुढे चार शब्द लिहिले होते: हात चांगला, मन कच्चं. पोरीने ते वाचलं होतं. आणि ह्या वर्षी नाही जमलं तर धनुष्य माळ्यावर टाकून सरळ नोकरी धरणार, असं तिने भर जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं होतं. ही पोर बोलते ते करते. लहानपणी एकदा बापाशी बोलणार नाही म्हणाली, तर अकरा दिवस बोलली नव्हती.

दुर्बिणीत निशाणाचा मधला, नऊ-दहा गुणांचा पिवळा गोल दिसत होता. भाचीच्या सहा बाणांपैकी चार त्या पिवळ्यात होते, थोडे उजवीकडे सरकलेले, पण होते. उरलेले दोन डावीकडे पडले होते, लाल पट्ट्यात, एकमेकांना चिकटून. मागच्या फेरीत तेच. त्याच्या मागच्या फेरीत तेच. पण आत्याची नजर खिळली ती वेगळ्याच गोष्टीवर. बाणाच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचं एक टोपण असतं, त्याच्या खाचेत धनुष्याची दोरी बसते. त्या चार बाणांची टोपणं हिरवी होती. डावीकडच्या दोघांची पिवळी.

आणि ती पिवळी टोपणं आत्याने स्वतःच्या हातांनी बसवली होती.

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. मैदानावर तिला सगळेच आत्या म्हणत. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. पण ती आधी ज्या कारखान्यात होती, तिथे तिचं नाव मिलिग्रॅम पडलेलं होतं. कारखाना वजनांचा. दुकानातल्या काट्याच्या पारड्यात टाकतात ती लोखंडी आणि पितळी वजनं तिथे ओतली जायची, आणि ती खरी आहेत की नाही हे बघून नेमकी करण्याचं काम आत्याने अठ्ठावीस वर्षं केलं. काम असं असायचं: ओतलेल्या प्रत्येक वजनाच्या बुडाला एक पोकळी ठेवलेली असते. वजन मुद्दामच जरा हलकं ओततात. मग ते काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवायचं, किती कमी भरतंय ते बघायचं, आणि पोकळीत तेवढं शिसं ठासून ते पुरं करायचं. हलकं असेल तर शिसं घाला, जड असेल तर खरवडून काढा. पेटीचं दार उघडं असताना आत्या श्वास रोखून धरायची, कारण श्वासाने काटा हलतो. शेजारच्या बाकावरची बाई शिंकली तर तिच्याशी दिवसभर अबोला.

ही सवय माणसाच्या अंगात मुरते. आत्याने लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली, आणि भावाच्या बायकोचा जीव मेटाकुटीला आणला. चहाच्या डब्यात चमचा सपाट करून काढायचा. भातात पाणी मापानेच. "ताई, तुम्हाला मीठ चवीनुसार घालताच येत नाही का हो?" असं वहिनी म्हणायची. "चवीनुसार म्हणजे किती?" असं आत्या विचारायची, आणि खरंच विचारायची, चेष्टा म्हणून नाही. मग दुकानदारांनी बटणाचे काटे घेतले, वजनांचा खप बसला, कारखान्याने गाशा गुंडाळला. आत्या घरी आली ती काचेच्या पेटीतला एक जुना नाजूक काटा आणि शिशाच्या तारेचं एक भेंडोळं घेऊन. कारखान्याने निरोप म्हणून तेवढंच दिलं होतं.

नेमकी तेव्हाच भाची बाण मारायला लागली होती. बाणांचं वजन एकसारखं असावं लागतं हे कानावर पडलं मात्र, आत्याने पोरीचे सगळे बाण काढून घेतले आणि दोन दिवस खोलीचं दार लावून बसली. बाण म्हणजे कार्बनची एक पोकळ नळी, पुढे पोलादाचं टोक, मागे तीन पिसं आणि ते टोपण. विकत घेतलेल्या बाणांत एकमेकांत गुंजभर फरक निघायचाच. आत्याने टोकं घासली, डिंक मोजून लावला आणि आठच्या आठ बाण असे केले की काट्याला फरक म्हणून कळेना. पोरीचे गुण वाढले. मग तिच्या मैत्रिणींनी बाण आणून दिले. मग सरांनी स्वतःचे आणून दिले. आत्याने तोललेला बाण म्हणजे झालंच, असं मैदानावर बोललं जाऊ लागलं. कुणाचा नेम चुकला तर वाऱ्यावर शंका घेत, दोरीवर घेत, झोपेवर घेत. बाण आत्याचे असतील तर बाणांवर मात्र कुणी घेत नसे.

आणि म्हणूनच तीन आठवडे कुणी घेतली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी सरावात वारा उलटला आणि भाचीचे तीन बाण निशाणाच्या लाकडी पायात जाऊन घुसले. नळ्या वाचल्या, टोकं वाकली. दोन, पाच आणि सात नंबरचे बाण. दुकानात तेवढ्या वजनाची टोकं नव्हती. जी मिळाली ती प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमने हलकी. आत्याने बसवली, काट्यावर ठेवली, अर्धा ग्रॅम कमी. ह्यात विचार करण्यासारखं तिच्या दृष्टीने काहीच नव्हतं. कमी आहे तर शिसं घाला. पोकळी हवी, तर ती बाणाच्या मागच्या टोकाला तयारच होती. तिने टोपण उपटलं, तारेतून अर्ध्या ग्रॅमचा तुकडा तोडला, गरम करून लावतात त्या डिंकाच्या थेंबात बसवला, आणि हिरवी टोपणं संपली होती म्हणून वर पिवळं बसवलं. तिन्ही बाण काट्यावर बाकीच्या पाचांना तंतोतंत जुळले. त्या संध्याकाळी ती खुशीत होती.

दुर्बिणीमागे बसून ते सगळं आठवताना तिला आपली चूक दिसली. लोखंडी वजनात शिसं कुठेही भरा, ते शेवटी पारड्यातच बसतं. बाण पारड्यात बसत नाही, तो उडतो. पुढचं टोक जड असलं की ते नळीला ओढत नेतं आणि शेपूट गुमान मागे येतं. ती नळी मधोमध बोटावर ठेवली तर पुढे कलंडायलाच हवी, किती कलंडायची ते ठरलेलं असतं, आणि ते सगळ्या बाणांत सारखं लागतं. ही गोष्ट आत्याने दहा वेळा ऐकली होती. पण नवा बाण बांधताना टोकं सारखी घेतली की तोल आपोआप सारखा यायचा, म्हणून तो वेगळा बघायची वेळच तिच्यावर आली नव्हती. आता ह्या तिघांत पुढून अर्धा ग्रॅम गेला होता आणि मागे अर्धा ग्रॅम आला होता. वजन तेच, पण सगळं चुकीच्या जागी.

पाचवी फेरी सुरू झाली. रेषेवर भाची दोरी ओढून उभी राहिली. तिच्या मागे दोन पावलांवर सर उभे होते आणि त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर खिळली होती. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे गेला की त्याचं एक कारण सगळ्यांना तोंडपाठ असतं: दोरी सोडताना हात गालापासून बाहेर फेकला जातो. तीन आठवडे सर तोच हात सुधारत होते. पोर रोज दोनशे बाण मारून घरी यायची, बोटांना पट्ट्या, डोळे लाल. वहिनी म्हणायची, "अगं, एखादा दिवस जाऊ नकोस." ती म्हणायची, "माझा हातच घाण आहे, आई." आणि आत्या शेजारी बसून पुढच्या खेपेसाठी पिसं चिकटवायची आणि तोंडाने म्हणायची, "सराव कर, होईल नीट." हे आठवलं आणि तिला शरमेने घेरून टाकलं. पोरगी रोज रडत होती आणि ही बाई शहाणपण शिकवत होती.

सहावी फेरी संपली. फळ्यावर सकाळचे आकडे लागले. भाची तीनशे चार, सातवी. चौथ्या नंबरावरची मुलगी तीनशे पंधरा. ती अंगाने किरकोळ होती, वेणी घट्ट घातलेली, आणि तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. अकरा गुणांचं अंतर, आणि सुट्टी पंचवीस मिनिटांची.

तंबूत येऊन भाची खुर्चीवर बसली आणि डोक्यावर टॉवेल घेतला. आत्याने बाणांचा भाता ओढून घेतला. आधी खात्री. तिने पट्टीची कड टेबलावर उभी धरली, तीन नंबरचा बाण तिच्यावर आडवा ठेवला, सरकवत सरकवत स्थिर केला आणि नळीवर पेनाने रेघ मारली. मग पाच नंबरचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. रेघांमध्ये जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर. मिलिग्रॅमवरून बायकांशी अबोला धरणाऱ्या बाईच्या बाणांत पावणेदोन सेंटिमीटर! तिला हसू फुटेल की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते खोटं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. दोन आणि पाच गुपचूप बाजूला काढायचे, आठ नंबरचा भात्यात घालायचा, सात नंबरचं कसंतरी निभवायचं, टोपण सैल झालं होतं म्हणून सांगायचं. दुपारी पोरीचे बाण नीट लागतील, ती निवडली जाईल, सरांना वाटेल हात सुधारला, पोरीला वाटेल मन पक्कं झालं. सगळे खूश. आत्याच्या नावाला खरचटलंसुद्धा नसतं. आणि भर चाचणीच्या मध्यावर पोरीला सांगून तिचं डोकं फिरवण्यापेक्षा हे बरं नाही का? असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर स्वतःला सोयीचं निघतंय म्हटल्यावर ती जरा सावध झाली.

"टोपण सैल वाटतंय ह्या दोघांचं," ती म्हणाली. "मी काढून ठेवते."

"ठेव," टॉवेलखालून आवाज आला. "काय फरक पडतो? मी सकाळीच साईट दोन घरं सरकवलीय. आता सर म्हणतात, हात गालाला दाबूनच धर, सोडताना आतच खेच. म्हणजे सगळेच उजवीकडे येतील."

आत्याचे हात थांबले. साईट म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण. पोरीने ती वाकड्या बाणांच्या हिशोबाने सरकवली होती. म्हणूनच तर ते चार चांगले बाण उजवीकडे पडत होते. आता सगळेच बाण चांगले झाले आणि वर हात आत खेचला, तर ते पिवळ्याच्या बाहेर उजवीकडे जाऊन पडणार. गप्प राहून सुटका नव्हती. सुट्टी संपायला सतरा मिनिटं उरली होती.

"सरांना हाक मार," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"मार म्हणते ना."

सर आले, हातात वही, तोंडात अर्धं केळं. आत्या उभी राहिली. कारखान्यात साहेबासमोर उभी राहायची तशी, हात मागे बांधून.

"हिचा हात बिघडलेला नाही," ती म्हणाली. "बाण बिघडलेत. मी बिघडवलेत. दोन, पाच आणि सात. टोकं हलकी मिळाली म्हणून मी मागे शिसं भरलं. वजन जुळलं, तोल गेला. हे बघा." आणि तिने दोन्ही बाण शेजारी धरून रेघा दाखवल्या.

सरांनी केळं गिळलं. त्यांनी रेघांकडे बघितलं, मग पोरीच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं. "तीन आठवडे," ते म्हणाले. "तीन आठवडे मी हिचा चांगला हात मोडून पुन्हा बसवतोय. आत्या, अहो, तुम्ही तरी!"

भाचीने टॉवेल काढला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"आत्ता. चौथ्या फेरीला."

"मग आत्ता टोपण सैल म्हणालीस ते?"

आत्याला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. "खोटं बोलले," ती म्हणाली. "लपवणार होते."

पोरगी ओरडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त धनुष्य उचललं, साईटचा स्क्रू सैल केला आणि खूण दोन घरं मागे आणली.

"चांगले बाण पाचच आहेत," सर घड्याळ बघत म्हणाले. "एक, तीन, चार, सहा, आठ. फेरीला सहा लागतात. सहाव्याचं काय? टोक बदलायला इथे टोक कुठलं?"

"सातमधलं शिसं काढते," आत्या म्हणाली. "पुरता नाही, पण निम्मा तोल परत येईल."

डिंक उष्णतेने सुटतो, आणि तंबूत उष्ण म्हणून एकच वस्तू होती, सरांच्या थर्मासमधला चहा. आत्याने पिवळं टोपण पकडीने उपटलं, पेला चहाने भरला आणि बाण शेपटाकडून पिसांपर्यंत त्यात उभा केला. सर नुसते बघत राहिले. साखर घातलेला चहा होता. मिनिटभराने तिने नळीत चिमटा घातला, शिशाचा दाणा निसटला, परत निसटला, तिसऱ्यांदा डिंकासकट बाहेर आला. नळी पुसली, टोपण बसवलं, पट्टीवर ठेवला. रेघ पुढे सरकली होती, पण पुरती नाही. शिवाय आता तो बाकीच्यांपेक्षा अर्धा ग्रॅम हलका होता.

"हा जरा वर जाईल आणि अजून थोडा डावीकडे," तिने भाचीला सांगितलं. "नेम दीड बोट उजवीकडे धर, अर्धं बोट खाली."

"नक्की?"

"नाही," आत्या म्हणाली. "नक्की नाही." अठ्ठावीस वर्षांत तिने कुठल्याही मापाबद्दल असं म्हटलं नव्हतं.

शिट्टी वाजली.

दुपारच्या पहिल्या फेरीत पाच चांगले बाण पिवळ्यात बसले, एकाच मुठीत मावतील असे. सर दुर्बिणीतून डोळा काढून आत्याकडे बघायला लागले, पण आत्या बघत होती सहाव्याकडे. भाचीने सात नंबरचा शेवटी ठेवला होता. दोरी सुटली. बाण वर गेला. दीड बोट, अर्धं बोट सगळं वाऱ्यावर. निळ्यात, सहा गुण. भाचीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या फेरीत सात नंबरला आठ गुण. तिसऱ्या फेरीत परत आठ, पण ह्या वेळी खाली. आत्याला राहवेना. तिने सरांना म्हटलं, "तिला सांगा, अर्धं बोट खाली नको, पाव बोट." सर म्हणाले, "आत्या, गप्प बसा." हे शब्द तिला कारखान्यात साहेबानेही कधी ऐकवले नव्हते. ती गप्प बसली.

आणि गप्प बसल्यावर तिला दिसायला लागलं की पोरगी काय करतेय. चौथ्या फेरीआधी बाण काढून परत येताना भाची सात नंबरचा इतरांत घालत नव्हती. तो वेगळा हातात धरून येत होती. चालता चालता तिने तो बोटावर आडवा ठेवला, कलंडू दिला, परत ठेवला. पट्टी नाही, पेन नाही. त्या फेरीत सात नंबर नऊवर बसला. पाचव्या फेरीत दहावर. आत्याने सांगितलेली मापं पोरीने केव्हाच सोडून दिली होती.

सहाव्या फेरीत मुली दोन तुकड्यांत मारत होत्या. वेणीवाली पहिल्या तुकडीत होती. तिचा शेवटचा बाण बसला आणि सरांनी वहीत बेरीज केली. सहाशे एकोणतीस. वरच्या तिघी त्याच्या कितीतरी पुढे होत्या, त्यांच्याशी आता कुणाचा संबंध नव्हता. भाचीची तुकडी रेषेवर आली. नऊ. नऊ. दहा. आठ. दहा. सर पुटपुटत बेरीज करत होते आणि आत्या नखं कुरतडत होती, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

"सहाशे बावीस," सर म्हणाले. "आठ हवेत. सात आले तर बरोबरी, मग परत एकेक बाण मारावा लागेल."

भाचीने सात नंबरचा बाण दोरीवर चढवला. घड्याळात बावीस सेकंद होते. तिने ओढला, धरला, आणि परत खाली आणला. बाजूच्या दोघी मारून रेषेवरून मागे आल्या. चौदा सेकंद. निशाणावरचा वाऱ्याचा कापडी झेंडा अचानक फडफडला आणि मरगळला. नऊ सेकंद. भाचीने पुन्हा ओढलं. आत्याने डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटून बसणं हा शुद्ध भित्रेपणा झाला असता. दोरी सुटली.

सरांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "नऊ," ते म्हणाले, आणि खाली बसले.

सहाशे एकतीस. दोन गुणांनी चौथी. वेणीवालीने भाचीचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली, मग पाण्याच्या टाकीमागे गेली आणि परत आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं. आत्याला तिच्याबद्दलही वाईट वाटलं. कच्च्या मनाची म्हणून जिच्या नावापुढे शेरा होता ती पोर तेवढ्यात सरांसमोर उभी राहिली, त्यांच्या हातातली वही घेतली, गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि पेन मागितलं. सरांनी दिलं. तिने काय खोडलं ते सांगायला नको.

घरी जाताना बसमध्ये भाचीने खिडकी धरली आणि आत्या तिच्या शेजारी बसली, भाता मांडीवर घेऊन. तीन थांबे गेले.

"तू सांगितलं नसतंस तर मी आज हरले असते," भाची खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि मला कायम वाटत राहिलं असतं की मीच वाईट आहे."

"हो."

"आणि तू सांगणार नव्हतीस."

"हो."

"आत्या, ह्यापुढे माझे बाण तू नाही करायचेस."

आत्याने मान हलवली. तिला लागलं, फार लागलं. गेली सहा वर्षं तिच्याजवळ दुसरं होतं काय? पण वजन खोटं निघालं की ते बाजारातून उचलायचं, हा नियम तिने स्वतः अठ्ठावीस वर्षं पाळला होता. आपल्यापुरता तो मोडायचा कसा? "बरोबर आहे," ती म्हणाली. "सर दुसरा माणूस बघतील."

"दुसरा माणूस नको. मी करणार." भाचीने पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड वळवलं. "तू समोर बसायचं. विचारलं तर सांगायचं. पण हात लावायचा नाही. चुकलं तरी नाही."

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर भाचीने आठही बाण उकलून मांडले. वहिनीने भांडी आवरून जागा करून दिली आणि काहीही न विचारता चहा ठेवला. आत्या समोरच्या खुर्चीवर बसली. पोरीने पहिल्या टोकाला डिंक लावला तो जास्त. आत्याला तो टेबलाच्या पलीकडूनही दिसला. टोक नळीत बसलं, डिंक कडेने बाहेर आला, पोरीने तो अंगठ्याने पुसला आणि बाण काट्यावर न ठेवता आधी बोटावर आडवा धरला. तो जास्तच पुढे कलंडला. तिने भुवया चढवल्या, टोक परत गरम करायला घेतलं. ह्या वेळी डिंक कमी पडला.

आत्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.